वाण्याची वही
मी भिलाईतून बोलतोय. इथली पहिली झोतभट्टी १९५९ साली सुरू झाली आणि पोलाद कारखान्याच्या पगारावर किराणा दुकानंही वाढली. महिनाभर वहीत लिहायचं, पगार झाला की चुकतं करायचं.

आता आमच्याकडेही सुपरमार्केटं आलीत. मुंबईत, पवईला २००२ साली सुरू झालेल्या डीमार्टचंच बघा. पुरवठादारांचे पैसे लवकर चुकते करतात, म्हणून माल स्वस्त मिळतो. वाणी तिथे हरतोच, आणि स्वस्त तूरडाळ कोणाला नको? मीही घेतो.

पण ठेकेदाराकडच्या मजुराची मजुरी रखडली, तर बिलिंग काउंटरवर ‘पुढच्या आठवड्यात देतो’ चालत नाही. तो वाण्याकडेच येणार. आमच्यासारखी रोखीची गिऱ्हाइकं निघून गेल्यावर वाण्याने त्याला उधारी द्यायची कशाच्या जोरावर?