वाळूचा कस : सिलिकॉन आणि जर्मेनियम
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



शास्त्रीय विषयावर चार शब्द बोलावेत अशी कार्यवाहांची आज्ञा झाली आणि विषय निवडण्याची मोकळीक आम्हांस मिळाली. सोनारांच्या सभेत आम्ही सोने सोडून सिलिकॉन आणि जर्मेनियम ही दोन मूलद्रव्ये निवडली, याचे कित्येकांस नवल वाटेल. परंतु आपल्या वाडवडिलांचा संसार ज्या विद्येवर चालला ती विद्या कोणती? धातू शुद्ध करावयाचा, त्यात मोजून हीण मिसळावयाचे आणि त्याचा कस सांगावयाचा. या दोन मूलद्रव्यांचे सारे महत्त्व याच तीन कामांत आहे. ज्या वस्तूसाठी आज बलाढ्य राष्ट्रे एकमेकांची अडवणूक करीत आहेत ती खाणीत तयार सापडत नाही. ती मुशीत घडते.

सिलिकॉन दुर्मिळ मुळीच नाही. भूकवचाच्या वजनाचा सुमारे २८ टक्के भाग त्याचाच. ऑक्सिजनाखालोखाल त्याचा क्रमांक. परंतु ते सुटे आढळत नाही. वाळूत, गारगोटीत, मातीत, आपल्या सह्याद्रीच्या काळ्या पाषाणात ते ऑक्सिजनाशी जखडलेले असते. स्वीडनच्या बर्झेलियस यांनी १८२४ मध्ये ते प्रथम वेगळे केले. दिसावयास करडे व चकचकीत. परंतु हातोडी मारली तर पत्रा होत नाही, काचेसारखे फुटते.

जर्मेनियमचा जन्म अधिक मनोरंजक आहे. रशियन रसायनवेत्ते मेंडेलेयेव्ह यांनी आपल्या कोष्टकात सिलिकॉनखालचे एक घर रिकामे ठेविले आणि तेथील अज्ञात मूलद्रव्यास आपल्या संस्कृतातील 'एक' हा शब्द जोडून 'एक-सिलिकॉन' असे नाव दिले. त्याचा अणुभार ७२ व घनता ५.५ असेल, असे त्यांनी १८७१ मध्ये लिहून ठेविले. पंधरा वर्षांनी सॅक्सनीतील फ्रायबर्ग येथे क्लेमेन्स विंक्लर हे चांदीच्या एका नव्या खनिजाचे पृथक्करण करीत होते. चांदी, गंधक वगैरे सर्व घटकांची बेरीज केली तरी सुमारे सात टक्के तूट येई. पुन्हा केले, पुन्हा तूट. वजनात तूट आली म्हणजे आपल्याकडे कारागिराकडे बोट दाखविण्याची रीत. विंक्लर यांनी मात्र मुशीकडे पाहिले. १८८६ मध्ये त्या तुटीतून जर्मेनियम निघाले. अणुभार ७२.३ च्या आसपास, घनता ५.५ च्या किंचित खाली!

आता गुणधर्मांकडे वळू. तांबे व चांदी यांतून वीज सहज वाहते, काचेतून वाहत नाही. ही दोन मूलद्रव्ये मधल्या जातीची, म्हणून त्यांस अर्धसंवाहक म्हणतात. धातू तापविला की त्याचा विजेस होणारा विरोध वाढतो. शुद्ध अर्धसंवाहक तापविला की तो घटतो. दोहोंच्या अणूच्या बाह्य कक्षेत चार इलेक्ट्रॉन असतात आणि प्रत्येक अणू चार शेजाऱ्यांशी हात बांधून उभा असतो. तो हात सोडविण्यास लागणारी शक्ती सिलिकॉनमध्ये १.१२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट, तर जर्मेनियममध्ये केवळ ०.६७. हे दोन आकडे ध्यानात असू द्यावेत. पुढील सर्व हारजीत बव्हंशी त्यांवरच ठरली.

शुद्ध सिलिकॉन स्वतः फारसे उपयोगी नाही. त्यात हीण घातले की ते कामाचे होते. फॉस्फरसच्या अणूस बाहेर पाच इलेक्ट्रॉन. चार हात बांधून झाल्यावर एक मोकळा उरतो आणि वीज वाहू लागतो. बोरॉनच्या अणूस तीनच. तेथे एक जागा रिती राहते, आणि ती रिती जागाच पुढे पुढे सरकत वीज नेते. बोरॉन हे नाव परके वाटले तरी वस्तू परकी नाही. झाळताना आपण जो टाकणखार घालतो तो बोरॉनचाच क्षार! पाच कोटी सिलिकॉन अणूंमागे बोरॉनचा एक अणू एवढ्या हिणानेही सिलिकॉनचा विरोध हजारो पटींनी उतरतो. या दोन प्रकारच्या मिश्रणांचा सांधा केला की वीज एकाच दिशेने जाते, आणि असे सांधे जोडून विजेचा प्रवाह लहानमोठा अथवा चालूबंद करता येतो. रेडिओपासून गणकयंत्रापर्यंत सर्व यंत्रे या एका युक्तीवर उभी आहेत.

ही युक्ती प्रथम जर्मेनियममध्ये साधली. डिसेंबर १९४७ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत जॉन बार्डीन व वॉल्टर ब्रॅटन यांनी पहिला ट्रान्झिस्टर सिद्ध केला. आपणांस सांगण्याजोगी गोष्ट ही, की त्यात सोने होते. प्लास्टिकच्या त्रिकोणी पाचरीवर सोन्याचा वर्ख चिकटवून टोकाशी तो वस्त्र्याच्या पात्याने चिरला, आणि ती दोन सुवर्णटोके जर्मेनियमच्या तुकड्यावर टेकविली. बार्डीन, ब्रॅटन आणि विल्यम शॉक्ली यांस १९५६ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

आरंभी जर्मेनियमच का? ते ९३८ अंश सेल्सिअसवर वितळते. सिलिकॉनला १४१४ अंश लागतात आणि वितळलेले सिलिकॉन मुशीलाच खाऊ लागते. भट्टी सोपी, म्हणून मान जर्मेनियमचा. १९५४ मध्ये बाजारात आलेल्या पहिल्या ट्रान्झिस्टर रेडिओत चार जर्मेनियम ट्रान्झिस्टर होते.

परंतु ज्याचे इलेक्ट्रॉन सहज सुटतात ते उन्हाळ्यातही सहजच सुटतात. पाऊणशे अंशांच्या पुढे जर्मेनियमचे साधन बेभरवशाचे होते. सिलिकॉनचे दीडशे अंशांपर्यंत टिकते. मे १९५४ मध्ये डेटन येथील सभेत गॉर्डन टील यांनी ध्वनिमुद्रिका वाजविणाऱ्या यंत्राचा जर्मेनियम ट्रान्झिस्टर तापलेल्या तेलात बुडविला. गाणे थांबले. मग सिलिकॉनचा बुडविला. गाणे चालू राहिले. याहून चांगले व्याख्यान कोणी दिले असेल असे आम्हांस वाटत नाही.

दुसरे कारण शांतपणे काम करणारे, आणि आमच्या मते अधिक बलवत्तर. सिलिकॉन ऑक्सिजनात तापविले की त्यावर काचेचा चिवट, पाण्यात न विरघळणारा थर चढतो. तो खालच्या सांध्यांचे रक्षण करतो आणि त्यात खिडक्या कोरून हव्या तेथेच हीण सोडता येते. जर्मेनियमचा ऑक्साइड पाण्यात विरघळतो. जॅक किल्बी यांनी १९५८ मध्ये पहिले एकसंध मंडल जर्मेनियमवर केले खरे. परंतु १९५९ मध्ये रॉबर्ट नॉइस यांनी सिलिकॉनवर आखलेला मार्गच पुढे राजमार्ग ठरला.

आता कसाविषयी. आपले २२ कॅरटचे सोने ९१.६ टक्के, ९९९ चे म्हणजे हजारात एक भाग हीण. चिपसाठी लागणारे सिलिकॉन किमान नऊ नवांचे, म्हणजे ९९.९९९९९९९ टक्के. हे आपल्या मापात सांगावयाचे तर सुमारे १२० टन मालात एक गुंज हीण! दहा टनी बारा मालमोटारी भरल्या आणि त्यांत एक गुंज निघाली. येथे कसोटीचा दगड कामाचा नाही. विजेचा विरोध हीच कसोटी.

ही शुद्धी होते कशी? गारगोटी कोळशाबरोबर विजेच्या भट्टीत वितळविली की ९८–९९ टक्क्यांचे सिलिकॉन मिळते. त्यावर हायड्रोजन क्लोराइडची क्रिया करून एक द्रव करतात. हा द्रव सुमारे ३२ अंशांवरच उकळतो. आपल्या चैत्रातल्या दुपारीही तो बाटलीत राहावयाचा नाही. त्याचे पुन्हा पुन्हा ऊर्ध्वपातन करून, त्याची वाफ तापलेल्या कांडीवर सोडली की कांडीवर शुद्ध सिलिकॉन जमते. ते स्फटिक-काचेच्या मुशीत वितळवून त्यात चिमुकला स्फटिक टेकवितात आणि फिरवीत फिरवीत सावकाश वर ओढतात. पोलंडचे यान चोक्राल्स्की यांनी १९१६ मध्ये शोधलेली ही रीत. वर येतो तो एकच अखंड स्फटिक. त्याच्या ३०० मिलिमीटर व्यासाच्या, पाऊण मिलिमीटर जाडीच्या चकत्या कापतात.

गंमत अशी, की या दरबारात सोने हेच हीण समजले जाते. सोन्याचे अणू सिलिकॉनमध्ये शिरले तर मोकळे इलेक्ट्रॉन व रित्या जागा त्यांच्यापाशी गाठ पडून लवकर नाहीशा होतात. म्हणून सांधे घडविण्याच्या दालनात सोन्याला मज्जाव. आणि बाहेर, तयार चिपला पाय जोडताना, केसाहून बारीक सुवर्णतारेचे स्वागत! सोने १०६४ अंशांवर वितळते; परंतु शेकडा १२ जर्मेनियम मिसळले की तेच मिश्रण ३६१ अंशांवर पाणी होते. हा उत्तम डाक इलेक्ट्रॉनिकीत वापरला जातो.

जर्मेनियम हरले, परंतु संपले नाही. डोळ्यास अपारदर्शक असलेले हे द्रव्य उष्णतेच्या अवरक्त किरणांस काचेप्रमाणे पारदर्शक आहे. अंधारात पाहणाऱ्या कॅमेऱ्यांची भिंगे त्याचीच. समुद्रतळाखालून संदेश नेणाऱ्या काचतंतूच्या गाभ्यात त्याचा ऑक्साइड असतो. उपग्रहांच्या सौरघटांचा तळ त्याचा असतो. आणि ते मिळते कोठून? मुख्यतः जस्ताच्या कारखान्यातील गाळातून आणि कोळशाच्या राखेतून. आपल्या दुकानांतील केर धुऊन सोने काढणारे झारेकरी आपणांस ठाऊक आहेत. जर्मेनियमचा सारा व्यापार झारेकऱ्यांचा आहे. ज्याने हे झारेकाम चिकाटीने केले त्या चीनने १ ऑगस्ट २०२३ पासून जर्मेनियमच्या निर्यातीस परवाना आवश्यक केला, डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेस ते देण्यावर बंदी घातली आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये ती बंदी काही काळापुरती स्थगित केली. जस्त इतरांकडेही आहे. त्यांनी गाळ धुतला नाही, एवढेच.

आपल्या देशानेही या वाटेवर ठेचा खाल्ल्या आहेत. मोहाली येथील सरकारी चिप कारखाना १९८९ मध्ये आगीत जळाला आणि आपण कित्येक वर्षे मागे पडलो. मार्च २०२४ मध्ये गुजरातेतील धोलेरा येथे मोठ्या कारखान्याची पायाभरणी झाली. अशा कारखान्यांस संगणकाच्या आज्ञावली लिहिणारे लागतील. परंतु भट्टी, तेजाब, वायू, वजन आणि कस सांभाळणारे त्याहून अधिक लागतील.

येथे आम्ही थोडे स्पष्ट बोलतो, राग नसावा. आपल्या शिष्यवृत्ती समितीपुढे संगणक-अभियांत्रिकीचा अर्ज आला की तो एका बैठकीत मंजूर होतो. धातुशास्त्र अथवा रसायनशास्त्र घेणाऱ्या मुलामुलींस मात्र 'पुढे काय करणार?' असे विचारले जाते, आणि अर्ज पुढील वर्षावर जातो. पेढीवर बसणाऱ्यांच्या घरी हा प्रश्न निघावा, याचे आम्हांस दुःख वाटते. कारागिरांच्या मुलांनी बागेसरीपुढे बसू नये, अशी त्यांच्या आईवडिलांची इच्छा असते. ती आम्ही समजू शकतो. धुराने डोळे गेलेली माणसे आपण सर्वांनी पाहिली आहेत. परंतु धूर सोडावा, विद्या सोडू नये. या दोन विषयांसाठी वर्षाला निदान दोन शिष्यवृत्त्या राखून ठेवाव्यात, असा ठराव आम्ही उद्याच्या सर्वसाधारण सभेत मांडणार आहोत. अनुमोदक हवा आहे.

व्यासपीठालगतच्या मेजावर एक जुना जर्मेनियम ट्रान्झिस्टर, सिलिकॉनची एक चकती आणि टोपण काढलेली एक चिप ठेविली आहे. चकतीस कडेनेच धरावे. चिपमधील सुवर्णतार नुसत्या डोळ्यांनी दिसणार नाही. शेजारी भिंग आहे.