कैद्याने बांधलेली बराक



१८१२ साली इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरात फ्रान्सिस ग्रीनवे नावाच्या वास्तुशिल्पकारावर खटला उभा राहिला. धंद्याचे दिवाळे आधीच वाजलेले. मालकाने जादा पैसे कबूल केल्याचा खोटा मजकूर त्याने बांधकामाच्या एका करारावर घातला होता. गुन्हा त्याने मान्य केला आणि त्याला फाशीची शिक्षा झाली. पुढे ती चौदा वर्षांच्या हद्दपारीवर आली, आणि १८१४ च्या फेब्रुवारीत तो सिडनीत उतरला.

अमेरिका हातची गेल्यावर इंग्लंड आपले कैदी ऑस्ट्रेलियाला धाडू लागले होते. १७८८ ते १८६८ या काळात असे सुमारे १ लाख ६२ हजार लोक तिकडे गेले. बेड्या आणि चाबूक तिथे होतेच. पण शहर उभारायचे तर गवंडी, सुतार, लोहार या कैद्यांतूनच मिळायचे. त्यामुळे हातात कसब असलेल्याला भाव होता.

ग्रीनवेला तर जरा जास्तच. गव्हर्नर मॅक्वारी यांनी त्याला पुस्तकातल्या एका इमारतीचा नमुना उतरवून द्यायला सांगितले. या गृहस्थाने लेखी उत्तर दिले, की असल्या बेढब इमारतीची नक्कल करताना माझ्यासारख्या व्यावसायिकाला क्लेश होतात! शिक्षा भोगणाऱ्याने गव्हर्नरला ऐकवलेले हे बोल. मॅक्वारी मोठ्या मनाचे म्हणायचे, किंवा फार गरजू. १८१६ मध्ये त्यांनी त्यालाच सरकारी वास्तुशिल्पकार नेमले. बंदराच्या तोंडाशी त्याने दीपगृह उभारले आणि १८१७ मध्ये त्याला सशर्त माफी मिळाली.

मग आली हाईड पार्क बराक. तोवर सरकारी कामावरचे कैदी दिवसभर राबून संध्याकाळी गावात कुठेतरी भाड्याने राहत, चार पैसे जास्तीचे कमावत. ग्रीनवेच्या देखण्या विटांच्या इमारतीने त्यांची ती संध्याकाळ काढून घेतली. सुमारे सहाशे जणांना रात्री एका छपराखाली, कापडी झोळ्यांत झोपवण्याची ती सोय होती. १८१९ मध्ये बराक सुरू झाली, आणि त्याच वर्षी ग्रीनवेला संपूर्ण माफी मिळाली. मला त्याच्या आयुष्यात सर्वांत बोचते ते हेच.

पुढची कहाणी थोडक्यात सांगतो. लंडनहून आलेल्या चौकशी आयुक्तांना, बिग यांना, कैद्यांच्या वसाहतीत एवढ्या डौलदार इमारती म्हणजे उधळपट्टी वाटली. त्यात ग्रीनवेचा स्वभाव भांडखोर. १८२२ मध्ये नोकरी गेली, १८३७ मध्ये तो गरिबीत वारला. त्याची कबर नेमकी कुठे आहे, हे कुणाला ठाऊक नाही. १९६६ मध्ये मात्र ऑस्ट्रेलियाच्या दहा डॉलरच्या पहिल्या नोटेवर या बनावट कागद करणाऱ्याचा चेहरा छापला गेला.

आता आपली कितीतरी मुलेबाळे सिडनीत असतात. त्यांच्याकडे जाल तेव्हा ऑपेरा हाऊस पाहून झाल्यावर ही बराकही पाहा. तिथे आता संग्रहालय आहे. वरच्या मजल्यावर टांगलेल्या झोळ्या चुकवू नका.