बालकांचा अतिसार आणि दुसरी पुडी
(सुवर्णमहोत्सवानिमित्त झालेल्या आरोग्यविषयक व्याख्यानाची संहिता)



बालकाला जुलाब लागले की औषधाच्या दुकानातून बहुधा दोन पुड्या घरी येतात. एकीत मीठ, साखर व क्षार असतात. दुसरीत जिवंत उपकारक जीवाणू, म्हणजे प्रोबायोटिक. दुसरी महाग, म्हणून अनेक पालकांना तीच खरे औषध वाटते. हा समज तपासून पाहणे अगत्याचे आहे. कारण जुलाबांत बालक दगावते ते मुख्यतः शरीरातील पाणी व क्षार निघून गेल्यामुळे.

उपकारक जीवाणूंची कल्पना जुनी आहे. पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील एली मेचनिकॉफ यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी आंबवलेल्या दुधाचा पुरस्कार केला. १९०८ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले, पण ते रोगप्रतिकारशक्तीवरील संशोधनासाठी, दह्यासाठी नव्हे! पुढे अनेक लहान प्रयोगांतून प्रोबायोटिकमुळे जुलाब सुमारे एक दिवस लवकर थांबतात, असे दिसले आणि या पुडीला प्रतिष्ठा लाभली.

२०१८ साली मात्र दोन मोठ्या प्रयोगांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. अमेरिकेत तीन महिने ते चार वर्षे वयाच्या ९७१ बालकांपैकी निम्म्यांना पाच दिवस लॅक्टोबॅसिलस जीजी हा जीवाणू दिला. उरलेल्यांना हुबेहूब तशीच, पण जीवाणू नसलेली पुडी. कोणाला काय मिळाले, हे पालकांना ठाऊक नव्हते आणि डॉक्टरांनाही नव्हते. जुलाब टिकले एका गटात ४९.७ तास, दुसऱ्यात ५०.९ तास. कॅनडात ८८६ बालकांवर निराळे जीवाणू योजूनही लाभ आढळला नाही. २०२० साली कोक्रेन संस्थेने ८२ अभ्यास एकत्र तपासले. त्यांतील काटेकोर अभ्यासांत, दोन दिवसांहून अधिक जुलाब टिकणाऱ्या बालकांच्या संख्येत फरक दिसला नाही. युरोपातील बालरोगतज्ज्ञ काही ठराविक जीवाणूंना अजून सौम्य अनुकूलता दर्शवितात. अमेरिकेतील बालकांवरून भारतातील बालकांचा निर्णय कसा करावा, हा आक्षेपही रास्त आहे. तथापि पहिल्या पुडीचे सामर्थ्य तर भारतातच सिद्ध झाले.

१९७१ साली बनगाव येथे बांगलादेशी निर्वासितांमध्ये पटकीची साथ पसरली. शिरेतून द्यावयाचे सलाईन अपुरे पडले, तेव्हा डॉ. दिलीप महालनोबीस यांनी मीठ, साखर व सोडा यांचे पाणी पिंपांत भरून ठेवले आणि रुग्णांच्या नातेवाइकांकरवी पाजविले. मृत्यूचे प्रमाण शेकडा तीसच्या आसपास होते, ते चारच्या खाली आले. साखर आतड्यातून मिठाला सोबत घेऊन रक्तात जाते आणि त्यांच्या मागोमाग पाणी जाते. एवढेच त्यातील रहस्य.

हे पाणी उकळून गार केलेल्या पाण्यात, पुडीवर लिहिलेल्या मापानेच करावे. ज्या घरांत गाळलेले, उकळलेले पाणी पिण्याची रीत आहे, तेथे अर्धे काम आधीच झालेले असते. दोन वर्षांखालील बालकाला प्रत्येक जुलाबानंतर पाव ते अर्धा कप, चमच्याचमच्याने पाजावे. उलटी झाल्यास दहा मिनिटे थांबून पुन्हा सुरू करावे. चोवीस तासांनंतर उरलेले टाकून द्यावे. डॉक्टरांच्या सल्ल्याने चौदा दिवस जस्ताची गोळी द्यावी. अंगावरचे दूध आणि नेहमीचा आहार थांबवू नये. उपवास मोठ्यांनी करावा, आजारी बालकाला लंघन घडवू नये.

डोळे खोल गेले, लघवी कमी झाली, शौचात रक्त दिसले, मूल मलूल होऊन पाणीही पिईना, तर कोणत्याही पुडीची वाट न पाहता त्याला तत्काळ रुग्णालयात न्यावे. वाटेतही पिता येत असेल, तर ते पाणी पाजत राहावे.