मोठा ए, छोटा ए



"तू नक्की करतोस काय?" असं सकाळपासून चौघांनी विचारलं. सोपं सांगायचं तर कॉम्प्युटरांवर पहारा ठेवणारं सॉफ्टवेअर मी सांभाळतो. त्याचं नाव नागिओस. सर्व्हर ठीक असेल तर पडद्यावर हिरवा रंग, बिघडला तर लाल.

एका रुग्णालयात बॅकअपच्या सर्व्हरची डिस्क गच्च भरली होती. सहा दिवस रुग्णांच्या रिपोर्टांची दुसरी प्रत निघालीच नव्हती, आणि पडद्यावर मात्र सगळं हिरवंगार! तेवढ्यात मूळ मशीन बसलं असतं, तर ते रिपोर्ट कायमचे गेले असते.

हा सर्व्हर आपली खबर स्वतःच नागिओसला पाठवायचा. त्यावरचा प्रोग्राम नव्याने बसवला गेला आणि तो आपलं नाव सगळं कॅपिटलमध्ये सांगू लागला. नागिओसच्या यादीत तेच नाव स्मॉलमध्ये. त्याच्या लेखी ही दोन वेगळी नावं. कॉम्प्युटरच्या हिशेबात कॅपिटल 'ए'चा क्रमांक ६५ आणि स्मॉल 'ए'चा ९७. आपल्याला क आणि ख जितके वेगळे, तितकेच. म्हणून 'असा होस्ट सापडला नाही' एवढी ओळ लॉगमध्ये लिहून तो खबर टाकून देई. पडद्यावर सहा दिवसांपूर्वीचा हिरवा रंग तसाच.

गंमत अशी, की पिंग कॅपिटलमध्ये करा नाहीतर स्मॉलमध्ये, उत्तर येतंच. नावावरून पत्ता शोधणारी डीएनएस हा भेद मानत नाही. त्यामुळे तिथल्या मुलांनी नाव बरोबर धरलं आणि फायरवॉल, पासवर्ड, केबल सगळं पालथं घातलं. एडिटरमध्ये शोधलं तरी नाव सापडायचं, कारण तोही बहुधा लहान-मोठं बघत नाही. मी त्यांना दोष देत नाही. देवनागरीत ही भानगडच नाही. एका अक्षराला दोन रूपं असतात हे आपल्यालाही चार रेघी वहीत बाईंनी गिरवून घेतलं तेव्हा कळलं. वाक्याच्या सुरुवातीला स्मॉल आलं की अर्धा मार्क जायचा, आठवतं ना?

मी लॉगमधलं नाव आणि यादीतलं नाव एकाखाली एक ठेवलं. लगेच दिसलं. नाव दुरुस्त केलं. शिवाय ठरलेल्या वेळेत खबर आली नाही तर जुना हिरवा रंग टिकू द्यायचा नाही, अशी सोय नागिओसमध्ये आहे. ती बंद होती, चालू केली.

दहा मिनिटांत तो सर्व्हर पडद्यावर लालभडक झाला. आम्ही चौघांनी टाळ्या वाजवल्या. दारातून आत येणाऱ्या डॉक्टरांना काही कळेना.