कुलूप लावलेलें घर

शितावरून भाताची परीक्षा करण्याची रीत श्रोत्यांच्या घरोघरीं आहे. गृहिणी पळीनें एक शीत उचलते, बोटांनीं दाबून पाहते आणि भांडें चुलीवरून उतरविते. ही परीक्षा बहुधा खरी ठरते, कारण सारे तांदूळ एकाच पाण्यांत व एकाच आंचेवर शिजलेले असतात. समाजाचें तसें नसतें. तेथें तळचें शीत करपलेलें, वरचें कच्चें, आणि पळी मात्र वरच्यावर फिरत असते.

अमेरिकेंतील ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकानें १९३६ सालच्या अध्यक्षीय निवडणुकीपूर्वीं सुमारें एक कोटि मतपत्रिका टपालानें धाडल्या; वीस लाखांहून अधिक परत आल्या. भाकीत झालें कीं लॅन्डन निवडून येणार. प्रत्यक्षांत ४८ राज्यांपैकीं ४६ राज्यांत रूझवेल्ट विजयी झाले! पत्ते मुख्यतः टेलिफोनच्या व मोटारींच्या याद्यांवरून घेतलेले होते. मंदीच्या त्या काळांत ज्याच्या घरीं यांपैकीं कांहींच नव्हतें, त्याला विचारणार कोण? शिवाय उत्तर धाडण्याची तसदी घेणारे लोक न घेणारांहून निराळे असतात, हेंहि कोणाच्या ध्यानांत आलें नाहीं.

नांदेड व लातूर जिल्ह्यांतील खेड्यांत टेलिफोनच्या यादीची जागा पार घेतो. पाहणीदार एस. टी.तून उतरतो, पारावर बसलेल्यांस प्रश्न विचारतो, सरपंचांच्या ओसरीवर चहा घेतो. वहीचीं पानें भराभर भरतात. परंतु पारावर स्त्रिया बसत नाहींत आणि गांवाबाहेरच्या तांड्याची वाट पाहणीदारास कोणी आपण होऊन दाखवीत नाहीं. त्यांतून मराठवाड्यांतील पुष्कळ कुटुंबें दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला जातात, तीं उन्हाळा लागल्यावर परततात. माघांत गांव पाहणारास त्यांच्या दाराला कुलूप दिसतें. पोटाची चणचण ज्या घरांत अधिक, नेमकें तेंच घर वहींतून सुटतें. आणि अशाच वह्यांच्या आधारें पुढें धान्याच्या व दवाखान्यांच्या योजना आंखल्या जातात.

लातूर शहराची अडचण निराळी. शिकवण्यांसाठीं आलेलीं परगांवचीं हजारों मुलें तेथें वसतिगृहांतून राहतात. त्यांना शहरांत मोजावें कीं त्यांच्या गांवीं, हें आधीं ठरलें नसेल तर तीं दोनदां तरी मोजलीं जातात, नाहीं तर मुळींच नाहीं.

यावर उपाय आहे, पण तो कष्टाचा आहे. मुंबईस देवनार येथील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेनें चालविलेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरींत प्रथम जनगणनेच्या यादींतून गांवें काढलीं. निवडलेल्या गांवांतील घरांची यादी झाली आणि तींतून ठराविक अंतरानें साधारण २२ कुटुंबें घेतलीं गेलीं. पाहणीदारास आवडनिवड अशी उरलीच नाहीं. दाराला कुलूप असेल तर पुन्हां जावयाचें. शेजारचें उघडें घर बदली घ्यावयाचें नाहीं. हा नियम वरकरणीं हट्टाचा वाटतो. परंतु शेजारचा मनुष्य घरीं आहे, एवढ्यानेंच तो ऊसतोड्याहून वेगळा ठरतो.

कुलपाची नोंद कुलूप म्हणूनच करावी लागते. शेजारीण सांगते, “चैत्रांत येतील.” पाहणीदार तें लिहून घेतो. चैत्रांत पुन्हां त्या वाटेनें जाण्याचा खर्च मात्र लहान पाहण्यांच्या अंदाजपत्रकांत बहुधा धरलेलाच नसतो.