चाकू घराबाहेर पडण्याआधी



माझ्यासारख्या मनोविकार सामाजिक कार्यकर्तीला आपण मानसिक आरोग्य क्षेत्रात काम करणाऱ्यांच्या या अधिवेशनाचे अध्यक्षपद दिलेत, याबद्दल मी आपली मनापासून ऋणी आहे. आमचे काम वॉर्डापेक्षा रुग्णाच्या घरी जास्त चालते. त्यामुळे आज मी मांडणार आहे ते बरेचसे उंबरठ्यावर उभे राहून पाहिलेले आहे. विषय अवघड आहे: भर रस्त्यात, भर बाजारात होणारे चाकूहल्ले, त्यानंतर मनोरुग्णांकडे रोखली जाणारी बोटे आणि सामान्य माणसाने स्वतःचा बचाव कसा करावा यावरून पेटणारा वाद.

१३ एप्रिल २०२४, शनिवार. सिडनीतील बाँडाय जंक्शनचा वेस्टफील्ड मॉल खरेदीला आलेल्या माणसांनी भरला होता. दुपारी चाळीस वर्षांचा एक माणूस मोठा चाकू घेऊन दिसेल त्याच्यावर वार करत सुटला. सहा जणांचा जीव गेला. त्यांत पाच स्त्रिया होत्या. सहावा होता फराझ ताहिर, मॉलचा सुरक्षारक्षक, पाकिस्तानातून आश्रयाला आलेला तरुण. तिथली त्याची ती पहिलीच दिवसपाळी होती. हातात शस्त्र नव्हते, अंगात चाकूचा वार अडवणारे जाकीट नव्हते. डामियन गेरो या फ्रेंच बांधकाम कामगाराने सरकत्या जिन्याच्या तोंडाशी एक खांब उचलून हल्लेखोराची वाट अडवली. पोलीस निरीक्षक एमी स्कॉट एकट्या आत शिरल्या आणि त्यांच्या गोळीने तो हल्ला थांबला. पहिल्या वारापासून तोवर सहा मिनिटेही झाली नव्हती.

पुढची सगळी चर्चा या सहा मिनिटांभोवती फिरली. रक्षकांना जाकिटे द्या, लोकांना मिरपुडीचा फवारा बाळगू द्या, पोलिसांना अंगझडतीचे जादा अधिकार द्या. या मागण्यांत तथ्य नव्हते असे मी म्हणणार नाही. पण २०२५ मध्ये तेथील मृत्युतपासणी न्यायालयापुढे जी सुनावणी झाली, तिच्यातून त्या सहा मिनिटांच्या मागची अनेक वर्षे समोर आली. हल्लेखोराला सतराव्या वर्षी स्किझोफ्रेनियाचे निदान झाले होते. क्लोझापीन या औषधावर तो बरीच वर्षे स्थिर होता. मग औषधे हळूहळू कमी करत २०१९ मध्ये पूर्ण थांबवली गेली. मुलगा पुन्हा बिघडतो आहे, हे आईने दवाखान्याला वारंवार कळवले. २०२० मध्ये तो दुसऱ्या शहरात गेला आणि उपचारांशी त्याचा संबंध तुटला. पुढे राहायला धड जागाही उरली नाही. जानेवारी २०२३ मध्ये वडिलांनी त्याच्याजवळचे चाकू काढून घेतले, तेव्हा तक्रार करायला त्यानेच पोलिसांना बोलावले. दारात आलेल्या पोलिसांना आईने सांगितले की तो औषधे घेत नाही, त्याला उपचार मिळवून द्यायचे तरी कसे? पोलिसांनी पाठपुराव्यासाठी वरच्या विभागाला ईमेल पाठवला. त्या ईमेलवर पुढे काहीही झाले नाही. हल्ल्याला तेव्हा पंधरा महिने अवकाश होता.

हे वाचताना मला आपल्याकडची घरे दिसू लागली. एका घराबद्दल सांगते. दोन खोल्या, आई आणि तिशीतला मुलगा. मी गेले तेव्हा आई गवारीच्या शेंगा हाताने मोडत बसली होती. विळी, सुरी, कात्री, खलबत्त्यातला बत्तासुद्धा तिने ट्रंकेत घालून कुलूप लावले होते आणि किल्ली कनवटीला होती. कांदा आणि भोपळा ती शेजारणीकडून चिरून आणायची. मुलाने गोळ्या सोडून चार महिने झाले होते. रात्रभर तो जागा असे, भिंतीपलीकडचे लोक आपल्याबद्दल कट करतात म्हणून दाराला खाट लावून बसे. ती पोलीस चौकीत जाऊन आली होती. तिथे विचारले गेले, “अजून काही केलं नाही ना त्यानं? मग आम्ही काय करणार?” ती रुग्णालयात जाऊन आली. तिथे सांगितले गेले, “पेशंटला घेऊन या.” मला ती म्हणाली, “बाई, तो येत नाही म्हणून तर मी गेले होते.”

तो मुलगा हिंसक नव्हता, घाबरलेला होता. झोप लागत नाही, ही मात्र त्याची स्वतःची तक्रार होती. आमच्या परिचारिकेने तिथूनच बोलणे सुरू केले. काही भेटींनंतर तो बाह्यरुग्ण विभागात यायला तयार झाला. पुढे रोजच्या गोळीऐवजी महिन्याचे इंजेक्शन घ्यायला त्याने स्वतः होकार दिला. आज तो कामावर जातो. यात कुठलेही नवे औषध नव्हते की मोठा खर्च नव्हता. कोणीतरी घरी गेले, एवढेच घडले.

आता कोणी म्हणेल, असे हल्ले मनोरुग्णच करतात, मग त्यांना कोंडून का ठेवत नाही? त्याचे उत्तर आपण न डगमगता दिले पाहिजे. स्किझोफ्रेनिया असलेली बहुसंख्य माणसे आयुष्यात कोणावर हात उगारत नाहीत. उलट मार खाणाऱ्यांत, लुबाडल्या जाणाऱ्यांत आणि रस्त्यावर हाल होणाऱ्यांत ती अधिक असतात. मात्र याच्या जोडीला आणखी एक गोष्ट खरी आहे. आजार उपचाराविना वाढत गेला, त्यात दारू किंवा नशेची भर पडली आणि आधी हिंसा घडलेली असली, तर धोका वाढतो. हे वाक्य उच्चारायला आपण कचरतो. कलंक वाढेल, अशी आपल्याला भीती वाटते. पण आपण गप्प राहिलो की ही जागा भीतीचा बाजार मांडणारे घेतात. धोका कोणत्या परिस्थितीत वाढतो हे स्पष्ट सांगितले, तरच तो उपचारांनी कमी होतो हेही लोकांना पटेल.

आणि प्रत्येक चाकूमागे आजार शोधू नका. २७ जून २०२३ रोजी पुण्यात सदाशिव पेठेत एका तरुणीवर सकाळच्या वेळी कोयता उगारला गेला. मागे लागलेल्या मुलाला तिने नकार दिला होता. नकार पचवता न येणे हा मनोविकार नाही. मुलीला आपली मालमत्ता समजण्याचा तो संस्कार आहे. शहरात कोयते नाचवत दहशत माजवणारी टोळकीही मनोरुग्ण नसतात. त्यांचा बंदोबस्त पोलिसांनी आणि न्यायालयांनी करायचा आहे. सगळ्याच क्रौर्यावर ‘माथेफिरू’ असा शिक्का मारणाऱ्या मथळ्यांनी गुन्हेगाराला सबब मिळते आणि लाखो रुग्णांना नोकरी नाकारली जाते. या सभागृहात बसलेल्या पत्रकार मित्रांना माझी विनंती आहे की निदान झालेले नसताना हा शब्द वापरू नका.

सदाशिव पेठेतल्या त्या मुलीला वाचवले ते स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या तरुणांनी. एकाने उगारलेला कोयता अडवला. त्या धैर्याला वंदन करून मी स्वसंरक्षणाच्या प्रश्नाकडे येते. आपल्या कायद्याने हा हक्क सर्वांना दिलेला आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेची ३४ ते ४४ ही कलमे त्याविषयीच आहेत. ३५ व्या कलमानुसार स्वतःच्याच नव्हे, तर दुसऱ्याच्या शरीराचेही रक्षण करता येते. ३६ वे कलम सांगते की हल्ला करणारा मनोविकारामुळे गुन्ह्याला जबाबदार धरला जात नसला, तरी त्याच्यापासून बचाव करण्याचा तुमचा हक्क तसूभरही कमी होत नाही. आणि ३७ व्या कलमाने मर्यादा घातली आहे: बचावाला लागेल तेवढेच बळ, त्याहून जास्त नाही. जमिनीवर पडलेल्या, चाकू सुटलेल्या माणसाला जमावाने ठेचणे हा बचाव नव्हे, तो गुन्हा आहे.

म्हणून प्रत्येकाने खिशात पाते बाळगावे, या सल्ल्याला माझा ठाम विरोध आहे. जास्त चाकू म्हणजे जास्त जखमा. चाकूपासून वाचवते ते अंतर. गेरो यांनी खांबाने साधले ते अंतरच होते. जपानमध्ये ओसाकाच्या इकेदा प्राथमिक शाळेत ८ जून २००१ रोजी एका माणसाने आठ मुलांचा बळी घेतला. त्यानंतर तिथल्या अनेक शाळांनी ‘सासुमाता’ ठेवायला सुरुवात केली. सासुमाता म्हणजे टोकाला दुबेळके असलेला लांब दांडा. त्याने समोरच्याला न कापता, न मारता दूर रेटून धरता येते. आपल्या शाळा, मॉल आणि रुग्णालयांच्या दारावर तुटपुंज्या पगारावर उभ्या असलेल्या रखवालदाराला आपण काय दिले आहे? शिट्टी आणि गणवेश. त्याला जाकीट द्या, असा एखादा दांडा द्या, सरावही द्या. नागरिकांना शिकवायचे ते थोडके आहे. पळता येत असेल तर पळा. नाही तर मध्ये टेबल, खुर्ची, दार असे काहीतरी घाला. ११२ ला फोन करा. जखमेवर कापड घट्ट दाबून धरा आणि रुतलेला चाकू उपसू नका. जखमीवर तातडीने उपचार करणे हे प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य आहे, पोलिसी सोपस्कार नंतर, असे सर्वोच्च न्यायालयाने परमानंद कटारा प्रकरणात १९८९ मध्येच बजावले आहे.

पण हे सारे शेवटच्या मिनिटांसाठी. आपले काम त्याआधीच्या महिन्यांचे आहे. इंग्लंडमधील नॉटिंगहॅममध्ये १३ जून २०२३ रोजी तीन जण भोसकले गेले, त्यांत एकोणीस वर्षांचे दोन विद्यार्थी होते. हल्लेखोराला पॅरानॉइड स्किझोफ्रेनिया होता, आधी चार वेळा त्याला रुग्णालयात ठेवले गेले होते. सप्टेंबर २०२२ मध्ये, तो भेटायला येत नाही म्हणून, मनोविकार सेवेने त्याला फॅमिली डॉक्टरकडे सोपवून आपली फाइल बंद केली. मित्रहो, असे किती केसपेपर आपल्याकडे बंद होतात? जो यायचा थांबला त्यालाच आपली सर्वांत जास्त गरज असते आणि आपण नाव काढतो ते नेमके त्याचे.

कायदा आपल्याकडेही आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मध्ये झाला आणि २०१८ पासून लागू आहे. त्याच्या १०० व्या कलमानुसार, मनोविकारामुळे एखादी व्यक्ती स्वतःला किंवा इतरांना धोका ठरेल असे मानायला कारण असेल, तर तिला संरक्षणात घेऊन चोवीस तासांत सरकारी आरोग्य संस्थेत नेणे हे ठाणेदाराचे कर्तव्य आहे. तिला कोठडीत ठेवता येत नाही. म्हणजे ‘अजून काही केलं नाही ना’ हे त्या आईला मिळालेले उत्तर कायद्याला धरून नव्हते. ९४ वे कलम तातडीच्या वेळी कोणत्याही नोंदणीकृत डॉक्टरला बहात्तर तासांपर्यंत उपचार देऊ देते. कुटुंबाला आधार आणि घरपोच पुनर्वसन हा १८ व्या कलमाने दिलेल्या हक्काचा भाग आहे. लिहिले ते पुरेसे आहे, राबवणारे हात नाहीत. निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात निरनिराळ्या मनोविकारांत ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांपासून दूर असल्याचे आढळले. देशात लाखामागे सुमारे ०.७५ मनोविकारतज्ज्ञ आहेत, गरज किमान तिघांची मानली जाते. १४४१६ हा टेलिमानस या दूरध्वनी समुपदेशन सेवेचा क्रमांक २०२२ पासून चालू आहे. तो प्रत्येक घरात पोहोचला पाहिजे. पण फोनवरचा आवाज दाराला खाट लावून बसलेल्या माणसापर्यंत जाऊ शकत नाही. तिथे पायानेच जावे लागते.

म्हणून या अधिवेशनाने तीन ठराव करावेत, असे मी सुचवते. पहिला: रुग्णालयातून घरी गेलेल्या प्रत्येक गंभीर रुग्णाशी आठवड्याच्या आत संपर्क, आणि इंजेक्शनची तारीख चुकली की गृहभेट. न येणाऱ्याचा केसपेपर गृहभेटीशिवाय बंद होऊ नये. दुसरा: प्रत्येक जिल्हा रुग्णालयात नातेवाइकांची तक्रार रुग्णाविनाही नोंदवून घेणारी, पुढची जबाबदारी ठरावीक व्यक्तीवर सोपवणारी खिडकी. तिसरा: प्रत्येक पोलीस ठाण्यात १०० व्या कलमाचे प्रशिक्षण, आणि ते आपण स्वतः जाऊन द्यायचे.

शासनाकडे आपण पदे मागूच, निधी मागूच आणि मिळेपर्यंत मागत राहू. पण पहिल्या ठरावाला शासनाच्या परवानगीची गरज नाही. सोमवारी कामावर गेलात की आपल्या विभागातली न आलेल्या रुग्णांची यादी काढा. त्यातल्या एकाच्या घरी याच आठवड्यात जा. दार उघडणाऱ्या आईला आधी बोलू द्या, तिचे म्हणणे लिहून घ्या आणि परत आल्यावर त्यावर कृती करा. एवढे आपण सर्वांनी केले, तर हे अधिवेशन सार्थकी लागले असे मी मानीन.