कॅलरीच्या ॲपला पैसे भरावेत का?

कॅलरी मोजणारी बरीच ॲप्स सुरुवातीला मोफत असतात. नंतर जादा सोयींसाठी पैसे मागतात. 'मायफिटनेसपाल' या ॲपने २०२२ मध्ये बारकोड वाचण्याची सोय सशुल्क केली. पण बारकोड असतो पाकिटावर. घरच्या भाकरी-पिठल्यावर नाही. आपली नोंद चुकते ती बहुधा फोडणीच्या तेलात. एका ग्रॅम तेलात ९ कॅलरी. म्हणजे पाच ग्रॅमचा एक लहान चमचा विसरला, की ४५ कॅलरी सुटल्या! पैसे भरले तरी ते तेल आपल्यालाच मोजावं लागतं. म्हणून आधी महिनाभर मोफत ॲपमध्ये नेमाने नोंद ठेवा. आहारतज्ज्ञांचं प्रत्यक्ष मार्गदर्शन मिळणार असेल, तरच पैशांचा विचार करा. मधुमेह असल्यास आहार बदलण्यापूर्वी डॉक्टरांना जरूर विचारा.